मंत्रिमहोदय, प्रकल्प बघायला जाताना वाटेत थांबा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

गडचिरोलीचा दौरा ठरला की त्यात आमट्यांचं हेमलकसा नाहीतर बंगांचं शोधग्राम हमखास असतं. जरूर जा. मीही दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून जाऊन आले. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना पाहिला, बिबटे पाहिले, फोटो काढले, डोळे पुसले, देणगीची पावती घेतली. परतताना गाडीत एकच सूर, ‘काय माणसं आहेत!’ आळंदीहून आल्यासारखं वाटत होतं. तेच मला खटकलं. देवळात कुणी प्रश्न विचारत नाही.

बाबा आमट्यांनी १९७३ साली भामरागडच्या जंगलात हे काम सुरू केलं, तेव्हा माडिया गोंडांच्या वाट्याला सरकार जवळपास नव्हतंच. आज रस्ता आहे, सरकारी आरोग्य उपकेंद्रांच्या इमारती आहेत. आलापल्लीकडे येताना अशाच एका उपकेंद्रापाशी आम्ही थांबलो (खरं तर समोर चहाची टपरी दिसली म्हणून). दाराला कुलूप. बाहेरच्या बाकावर एक आशाताई (गावातल्या सरकारी आरोग्य स्वयंसेविका) टेकल्या होत्या, कुणाचं तरी तान्हं बाळ बघून आलेल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी ४२ दिवसांत सहा फेऱ्या मारायच्या. वजन, ताप, श्वास बघायचा. मोबदला २५० रुपये. तोही तीन महिने जमा झालेला नव्हता.

आता गंमत पाहा. घरी जाऊन बाळं वाचवायची ही पद्धत शोधग्रामचीच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने १९८६ मध्ये ‘सर्च’ ही शोधग्रामची संस्था सुरू केली आणि पुढे गावातल्याच बायकांना आरोग्यदूत केलं. बाळाचे श्वास मोजायला, जंतुदोष ओळखायला, वेळ पडली तर इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं आणि २०११ पासून केंद्राने हे काम देशभरच्या आशांकडे सोपवलं. म्हणजे ज्याचं कौतुक करायला तुम्ही शोधग्रामला जाता, तेच काम त्या बाकावरच्या ताई तुमच्या खात्यासाठी करत होत्या. त्यांच्याकडे शाल-श्रीफळ घेऊन कुणी येत नाही.

तेव्हा दौरा ऑगस्टमध्ये ठेवा, नाले भरून गावं तुटलेली असताना. ताफा नको, निरोपही नको. आधी कळवलंत तर कुलूप उघडं असेल, वर दारात रांगोळीही असेल. औषधसाठ्याची वही मागा. मोबदला कधी जमा झाला ते अधिकाऱ्यांना न विचारता ताईंच्या पासबुकात बघा. आणि रात्री-अपरात्री बाळंतीण अडली तर कुठं नेता, तेही त्यांनाच विचारा. आम्ही विचारलं होतं.

‘हेमलकशाला,’ त्या म्हणाल्या. ‘आणखी कुठं?’

आपली,
प्रकल्प बघून आलेली एक पुणेकर