खोडदच्या ऑपरेटर मंडळींस: न दिसलेल्या ताऱ्यांबद्दल आभार

खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या नियंत्रणकक्षातील ऑपरेटर मंडळींस,
स. न. वि. वि.

सुपरनोव्हाच्या, म्हणजे ताऱ्याच्या स्फोटाच्या, अवशेषांत एकटे उरलेले न्यूट्रॉन तारे (स्फोटानंतर उरणारे अतिघन गाभे) आम्ही अभ्यासतो. क्ष-किरणांत दिसलेला ठिपका रेडिओत, अवरक्तात, दृश्य प्रकाशात दिसतो का, हे पाहायचं. बहुतेक वेळा उत्तर येतं, 'दिसत नाही'. दुर्बीण त्या वेळी नीट चालली होती हे छातीठोकपणे सांगता आलं, तरच या उत्तराला किंमत असते. आम्हाला ते सांगता येतं ते तुमच्यामुळे.

केस्टेव्हन ७९ चंच घ्या. गरुड तारकासमूहातला, सुमारे ७ किलोपार्सेक (साधारण २३ हजार प्रकाशवर्षे) दूरचा हा अवशेष. त्यातल्या ठिपक्याचे १०५ मिलिसेकंदांचे स्पंद २००५ मध्ये क्ष-किरणांत सापडले. चुंबकीय क्षेत्र जेमतेम ३.१ × १०^१० गॉस निघालं, नेहमीच्या तरुण पल्सारांच्या (स्पंद देणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या) मानाने फारच कमी. रेडिओत मात्र तो गप्प आहे. तो खरोखर गप्प आहे, की अवशेषाच्या झगमगाटात आपल्याला ऐकू येत नाही, हा प्रश्न.

प्रतिमेत पहिली अडचण अवशेषाच्या कवचाचीच. सुमारे १० कलामिनिटांचं (कलामिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) हे कवच कमी वारंवारतेला इतकं तेजस्वी असतं की आतला बिंदू बुडून जातो. म्हणून ६५० मेगाहर्ट्झवर आम्ही ३.४ किलोलॅम्डा (तरंगलांबीच्या ३,४०० पट), म्हणजे साधारण १.६ किलोमीटरपेक्षा लहान बेसलाइन (दोन अँटेनांमधली अंतरं) वगळतो. १ कलामिनिटापेक्षा मोठी रचना त्यामुळे बरीचशी गळते. पण याचा अर्थ मधल्या चौकातल्या १४ अँटेनांच्या आपसातल्या जोड्या जवळजवळ सगळ्या गेल्या. भार पडतो तो तिन्ही भुजांवर. त्यात हा अवशेष खगोलीय विषुववृत्तालगत, त्यामुळे उत्तर-दक्षिण विभेदन फक्त उत्तर-दक्षिण पसरलेल्या बेसलाइनच देतात. दक्षिण भुजेच्या टोकाकडच्या दोन अँटेना बंद पडल्या, की बीम (दुर्बिणीला वेगळा करता येणारा बारीकात बारीक ठिपका) उत्तर-दक्षिण लांबट होतो आणि कवचाचा एखादा धागा बिंदूसारखा भासू लागतो. त्या भुजेवरची अँटेना बिघडली की तिची दुरुस्ती तातडीची म्हणून कळवता, याबद्दल विशेष आभार.

स्पंद शोधताना प्रश्न वेगळा. अवशेषाचा स्वतःचा किरणोत्सर्ग प्रणालीचं तापमान, म्हणजे संकेतात मिसळणारा गोंगाट, वाढवतो. फेज्ड अ‍ॅरेमध्ये (अँटेनांचे संकेत फेज, म्हणजे लहरींचा मेळ, जुळवून बेरीज करताना) मधल्या चौकाचा बीम ६५० मेगाहर्ट्झला दीड कलामिनिटाच्या आसपास असतो, म्हणजे कवचाचा लहानसा तुकडाच आत येतो. इनकोहेरंट अ‍ॅरेत (फेज न जुळवता नुसती बेरीज करताना) मात्र सगळा अवशेष येतो, आणि संवेदनशीलता अँटेनांच्या संख्येच्या वर्गमुळाप्रमाणेच वाढते. फेज्ड पद्धतीचा फायदा फेजिंग टिकलं तरच. आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) हललं की दूरच्या अँटेनांचा फेज आधी सुटतो, आणि बेरीज वाढण्याऐवजी घटते. म्हणून लक्ष्याच्या आधी बी१९२९+१० या परिचित पल्सारवर काही मिनिटं घालवणं आम्हाला फार मोलाचं वाटतं. २२६ मिलिसेकंदांचा तो स्पंद नेहमीइतका उठून दिसला नाही, तर पुढचा 'नाही' निरर्थक. तसं झालं की आम्ही न सांगताच तुम्ही पुन्हा फेजिंग करता.

वारंवारता निवडणंही सोपं नाही. पल्सार कमी वारंवारतेला तेजस्वी: १२६० ऐवजी ६५० मेगाहर्ट्झवर साधारण तिप्पट. पण आकाशगंगेच्या प्रतलात विकिरणाने (वाटेतल्या वायूत लहरी विखुरल्याने) स्पंद फासला जातो, आणि ६५० वर हे फासलं जाणं जवळपास १८ पट जास्त. १०५ मिलिसेकंदांचा स्पंद त्यात सपाट होऊ शकतो. आम्ही दोन्ही बँड मागतो. त्यासाठी फीड (डिशच्या नाभीपाशी संकेत टिपणारं उपकरण) फिरवणं, पॉवर समान करणं, फेजिंग, सगळं पहिल्यापासून. एका रात्रीत दोनदा हे करायला लावतो, याची जाणीव आहे.

याच अवशेषाच्या दक्षिणेला, अगदी शेजारी, ११.५६ सेकंद आवर्तकालाचा एक मॅग्नेटार (तीव्र चुंबकीय क्षेत्राचा न्यूट्रॉन तारा) आहे. इतक्या संथ स्पंदाला पॉवरमधला हळू चढउतार मारक ठरतो. स्कॅन चालू असताना अ‍ॅटेन्युएशनला (संकेताची पातळी कमी करणाऱ्या सेटिंगला) हात न लावण्याची तुमची शिस्त इथे कामी येते.

अवरक्ताचं काम दुसरीकडे होतं, पण त्याचा धडा इथेही लागू आहे. दाट ताऱ्यांच्या क्षेत्रात, समजा दर चौरस कलामिनिटाला १०० तारे असले, तर क्ष-किरण ठिपक्याभोवतीच्या १ कलासेकंद (कलामिनिटाचा साठावा भाग) त्रिज्येच्या वर्तुळात योगायोगाने तारा सापडण्याची शक्यता ८ टक्क्यांवर जाते, त्रिज्या ०.३ केली की १ टक्क्याच्या आत. म्हणून 'चंद्रा' या क्ष-किरण दुर्बिणीने दिलेली स्थिती 'गाया' उपग्रहाने मोजलेल्या ताऱ्यांशी जुळवल्याशिवाय 'जोडीदार सापडला' म्हणायचं नाही. वर्तुळात ठळक अवरक्त तारा सापडला, तर तो बहुधा वाटेतला तारा असतो, न्यूट्रॉन तारा अवरक्तात इतका तेजस्वी नसतो.

केस्टेव्हन ७९ मध्यरात्री माथ्यावर येतो तो नेमका जुलैत. दिवसात साडेनऊ तास तो दुर्बिणीच्या टप्प्यात असतो, पण वारा सुटला की डिश सरळ वर करून थांबावं लागतं. वारा पडल्यावर फेजिंग करूनच पुन्हा सुरू करता, आणि कोणती अँटेना किती वाजता बाहेर पडली, किती वाजता परत आली, हे लॉगमध्ये लिहिता. 'याहून तेजस्वी नाही' ही मर्यादा काढताना २० अँटेना धरायच्या की १६, हे त्याच नोंदींवरून ठरतं. २० धरून लिहिलेली मर्यादा १६ च असताना २० टक्के खोटी ठरली असती.

मनापासून आभार.

आपले,
न्यूट्रॉन ताऱ्यांच्या शोधातील सहकारी