क्ष-किरण वर्णपटमापक आणि आपला नकार : एक आभारपत्र

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

हौसेखातर घरी बांधलेला माझा क्ष-किरण वर्णपटमापक (पदार्थातून निघणाऱ्या क्ष-किरणांची ऊर्जा मोजून त्यातले मूलद्रव्य ओळखणारे उपकरण) आता चांदी आणि कथील यांतला फरक दाखवू लागला आहे. याचे श्रेय आपले आहे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

आपली मदत नकारापासून सुरू झाली. धुराच्या इशारायंत्रातील अमेरिसियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य काढून वापरण्याचा माझा बेत आपण तिथल्या तिथे मोडीत काढलात. किरणोत्सारी पदार्थ घरात हाताळायचा नाही, शोधक घरी बांधायचा आणि मोजणी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आपल्या देखरेखीखाली करायची, असे बजावलेत. त्यामुळे माझे सारे लक्ष खऱ्या अवघड भागाकडे, म्हणजे क्षीण संकेत मोठा करणाऱ्या प्रवर्धकाकडे, वळले.

सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन-विवराची (सुटलेला इलेक्ट्रॉन आणि त्याची उरलेली रिकामी जागा) एक जोडी निर्माण व्हायला सरासरी 3.6 इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते, त्यामुळे चांदीच्या 22.16 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या एका फोटॉनातून जेमतेम सहा हजार इलेक्ट्रॉन हाती येतात. शोधक म्हणून वापरलेल्या बीपीडब्ल्यू-34 सारख्या स्वस्त फोटोडायोडमधून (प्रकाश टिपणाऱ्या सिलिकॉनच्या सुट्या भागातून) निघालेला एवढासा विद्युतप्रभार पंखा, ट्यूबलाइट आणि मोबाइल यांच्या गोंगाटात सहज बुडून जातो. गिगाओहमचा रोध आणि फेटचे (प्रवर्धकातील ट्रान्झिस्टरचे) गेट, म्हणजे संकेत आत घेणारे टोक, सर्किट बोर्डाला टेकू न देता हवेतच जोडावे, कारण सोल्डरिंगनंतर उरलेला फ्लक्सचा (डाग नीट बसावा म्हणून वापरलेल्या राळेसारख्या पदार्थाचा) पुसट थरही विद्युतप्रभाराच्या गळतीला पुरतो, हे आपण सांगितले नसते तर मला कधी सुचले असते असे वाटत नाही. डायोडवर ॲल्युमिनियमची फॉइल आणि भोवती अर्थिंग केलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा, हीदेखील आपलीच सूचना. स्रोत समोर नसताना नुसता गोंगाट मोजत बसण्याची आपली सक्ती मला तेव्हा जाचक वाटली होती. पुढे आलेखावरचे प्रत्येक शिखर, म्हणजे मोजणी एकदम वाढते ती जागा, खरे की खोटे, हे त्याच नोंदींवरून ठरले.

प्रयोगशाळेत अमेरिसियमचे 59.5 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण आधी आमच्या देवघरातल्या चांदीच्या निरांजनावर आणि मग कल्हईच्या कथलावर पडले आणि त्या धातूंतून त्यांचे स्वतःचे क्ष-किरण निघाले, तेव्हा कित्येक तासांच्या मोजणीनंतर 22 आणि 25 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास दोन वेगळी शिखरे उभी राहिली. चांदी आणि कथील यांचे अणुक्रमांक अनुक्रमे 47 आणि 50. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ मोस्ले यांनी 1913 मध्ये मांडलेला, क्ष-किरणांच्या वारंवारितेचे वर्गमूळ अणुक्रमांकाबरोबर सरळ रेषेत वाढते हा नियम स्वतःच्या आलेखावर पडताळून पाहण्याचा आनंद आपल्यामुळे मिळाला. पितळेतील तांबे आणि जस्त (8.05 व 8.64 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट) या डायोडला वेगळे ओळखता येणार नाहीत, हे आपण आधीच सांगितल्याने तो खटाटोपही वाचला.

पुढच्या खेपेस मॉलिब्डेनमची तार आणण्याचा विचार आहे. तिचे शिखर 17.5 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टजवळ यायला हवे. आपल्या सोयीचा दिवस कळवावा, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एक हौशी प्रयोगकर्ता