गणित पक्कं, नाडी सुटलेली

माझा नातू सात वर्षांचा. केळीच्या घडांचा हिशेब तोंडी करतो, भुसावळ-सुरत मार्गावरची स्टेशनं उलटी म्हणतो. पण बुटाची नाडी बांधताना रडकुंडीला येतो, अन् भरीत जरा तिखट झालं की ताट ढकलतो. शाळेतून निरोप आला, ‘लाडावलाय.’ नाही हो! अशा प्रज्ञावंत, म्हणजे विलक्षण हुशार मुलांची बुद्धी, हात आणि भावना एका वयाच्या नसतात. अमेरिकेत १९९१ मध्ये काही अभ्यासकांनी प्रज्ञावंतांची व्याख्याच या विषम वाढीवरून केली. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही अशा मुलांचा उल्लेख आहे. तालुक्यातल्या शिक्षक प्रशिक्षणात तो कधी उतरणार? तोवर निदान गिचमिड अक्षरासाठी गणिताचे गुण कापू नयेत.

– एक आजोबा, अमळनेर