हाय फ्यूजमधल्या एका बिटाने अडकलेले ६० बोर्ड

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: प्रोग्रॅम करून दिलेल्या २०० चिपांमध्ये चुकीचा फ्यूज

महोदय,

शिरोली एमआयडीसीत आमचे दूध संकलन केंद्रांसाठी वजनकाटे बनवण्याचे छोटे युनिट आहे. गेल्या महिन्यात तुमच्याकडून एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलर चिपचे २०० नग प्रोग्रॅम भरून घेतले. हाय फ्यूज (चिपची मूळ सेटिंग ठरवणारा आठ बिटांचा संच) हेक्समध्ये डी१ आणि लॉक बिट्स (चिपमधला मजकूर वाचण्या-लिहिण्यावरचे कुलूप) उघडे, असे ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहिले होते. प्रत्येक काट्याचे कॅलिब्रेशन आम्ही बोर्ड तयार झाल्यावर आयएसपीने (चिप बोर्डवर असतानाच प्रोग्रॅम करण्याची पद्धत) ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) लिहितो आणि मगच चिप लॉक करतो.

६० बोर्ड सोल्डर झाले. डिस्प्ले लागला, आकडे आले. पण आयएसपीच्या सहा पिनांच्या कनेक्टरला प्रोग्रॅमर लावला की चिप उत्तरच देईना. केबल बदलली, प्रोग्रॅमर बदलला, सोल्डरिंगच्या पोरांना उगाच बोलणी बसली. शेवटी त्यांच्यातल्याच एकाने रीसेटचे बटण दाबले, तर डिस्प्लेवरचा आकडा ढिम्म हलला नाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

एक चिप हॉट एअरने उतरवून १२ व्होल्टच्या पॅरलल प्रोग्रॅमरवर वाचली. हाय फ्यूज निघाला ५१. पहिला अंक बिटांत मांडला तर डी म्हणजे ११०१, ५ म्हणजे ०१०१. घोळ एकाच बिटाचा, पण तो नेमका रीसेट पिन बंद करणारा. तो बिट शून्य झाला की रीसेट पिनवर अवलंबून असलेली आयएसपीची वाट बंद. न वापरलेल्या १४० पैकी चार चिपा तपासल्या, त्याही तशाच.

फोनवर तुमचे इंजिनिअर म्हणाले, ‘चिप चालतेय ना, आमचा व्हेरिफाय रिपोर्ट ओके आहे.’ अहो, तुमच्या प्रोग्रॅमिंगच्या फाइलमध्येच ५१ असेल तर चिप त्या फाइलशी ताडल्यावर ओकेच येणार! आमच्या ऑर्डरशी कुणी ताडून पाहिले का?

१४० चिपा परत पाठवत आहोत. लॉक उघडे असल्याने फ्लॅश (प्रोग्रॅमची मेमरी) इरेज न करता फक्त फ्यूज दुरुस्त होईल. सोल्डर झालेल्या ६० चे तसे नाही. चिप उतरवताना पहिल्याच बोर्डचे दोन पॅड (चिपचे पाय सोल्डर करायच्या तांब्याच्या जागा) उखडले. त्यामुळे ६० नव्या चिपा, उतरवण्या-बसवण्याची मजुरी आणि खराब होतील त्या बोर्डांची किंमत तुम्ही द्यावी. यापुढे पहिल्या नगाचे फ्यूज वाचून आम्हाला कळवल्याशिवाय पुढचे नग भरू नयेत.

१५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. तोपर्यंत उरलेले बिल थांबवले आहे.

आपला,
एक ग्राहक, कोल्हापूर

सोबत: ऑर्डरची प्रत, वाचलेल्या फ्यूजच्या स्क्रीनचा फोटो, उखडलेल्या पॅडचा फोटो