दार किती इंच?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी पाचोऱ्याला शाळेचे गणवेश शिवते. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. देश २०१४ साली पोलिओमुक्त झाला, पण आधीच्या आम्ही अजून आहोत आणि आम्हालाही मे महिन्यात भाचरं ‘आत्या, तू पण चल’ म्हणतात. म्हणून हायवेलगतच्या एका वॉटर पार्क-रिसॉर्टला गेलो. दोन दिवस आधी फोन केला होता. ‘बिनधास्त या ताई, सगळं व्हीलचेअरचं आहे,’ असं उत्तर मिळालं.

जेवणाचा हॉल दीड फूट उंच जोत्यावर. उताराचा साधा हिशेब एकास बारा, म्हणजे दीड फुटाला अठरा फूट लांब रॅम्प हवा. तिथे होता जेमतेम पाच फुटांचा, वर गुळगुळीत टाइल. चार पोरं धावत आली, ‘आक्का, आम्ही आहोत ना!’ पोरं मनाची चांगली, पण त्यांनी खुर्ची पायटाकणीला धरून उचलली. ती निसटली आणि मी एका बाजूला कलले. शेवभाजी खाणारी सगळी पंगत हात थांबवून बघत होती. माझा पाचवीतला भाचा नंतर बराच वेळ काही बोलला नाही.

उंच घसरगुंडीवर मला घेतलं नाही, ते बरोबरच केलं. तोल धरायला पायांत जोर लागतो. झुकझुक गाडीवाल्याने मात्र माझी खुर्ची डब्याला टेकवली, मी हातांवर सरकून बसेपर्यंत गाडी थांबवून ठेवली आणि एकदाही ‘लवकर’ म्हटलं नाही. त्याला बक्षीस द्यायचं होतं, सुटे नव्हते.

आता खरी गोष्ट. बाहेर जायचं असलं की मी सकाळपासून पाणी तोंडाला लावत नाही. जळगावच्या मे महिन्यात हे काय असतं ते आपल्या वाचकांना सांगायला नको. दुपारी डोकं गरगरायला लागलं, वहिनीने बळेच दोन ग्लास पाजले. मग संडास शोधला. दारावर निळ्या रंगात खुर्चीचं सुबक चित्र. शिवणाऱ्या बाईच्या पर्समध्ये टेप असतोच. दार चोवीस इंच, माझी खुर्ची साडेपंचवीस. दीड इंचासाठी आम्ही साडेतीनलाच निघालो. मुलांचं लाटांचं पाणी राहिलं.

मॅनेजर म्हणाले, ‘तुमचं अर्धं तिकीट परत करतो.’ मी नको म्हटलं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा फक्त सरकारी कचेऱ्यांपुरता नाही, लोकांसाठी खुल्या खासगी जागांनाही लागू आहे. दाराचा निकष नऊशे मिलिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच. असे किमान निकष बंधनकारक करा, नुसत्या शिफारशी नकोत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राला सांगितलं. मॅनेजरना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. चित्र रंगवणाऱ्याला दाराची रुंदी कुणी सांगितलीच नसणार.

त्या जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या भागातली दोन मंगल कार्यालयं आणि एक नवं हॉटेलही मी मोजलंय, तिथेही हीच गत. बांधकाम परवानगी देणाऱ्यांनी नकाशावर सही करण्याआधी एकदा टेप लावावा.

दिवाळीच्या सुट्टीत मुलं पुन्हा जायचं म्हणताहेत. या वेळी फोनवर ‘व्हीलचेअरचं आहे का’ असं विचारणार नाही. संडासाचं दार किती इंच, एवढंच विचारीन.

आपली,
एक वाचक, पाचोरा (जि. जळगाव)