रुमाल सोडण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नागपूरच्या महाल, इतवारीतले वाडे पाडून फ्लॅट स्कीम उभ्या राहताहेत. वाडा रिकामा होताना पितळी भांडी भावंडांत वाटली जातात आणि माळ्यावरची ट्रंक कबाड्याकडे जाते. ज्या घरांना कागद जपायचे असतात तिथेही नुकसान होतेच, आणि ते बहुधा ‘जरा नीट लावून ठेवू’ म्हणताना.

रुमालात, म्हणजे कापडी बासनात, बांधलेले कागद सोडून तारखेप्रमाणे लावणे ही पहिली चूक. बिनतारखेची पावती कोणत्या वर्षाची, हे तिच्या खालच्या-वरच्या कागदांवरून कळते. जागा हलली की तो दुवा गेला. म्हणून आहे त्या क्रमानेच प्रत्येक कागदाच्या मागे, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने क्रमांक टाकावा. पेन नको, ओल लागली की शाई पसरते. पाकिटे फेकू नयेत. पत्रावर नुसते ‘चैत्र शु. ५’ असेल, तर साल टपालाच्या शिक्क्यावरूनच लागते. शके दिले असेल तर ७८ मिळवावेत. पौषाच्या आसपास इंग्रजी साल बदलते, तिथून फाल्गुनापर्यंत ७९.

गंजलेल्या टाचण्या ओढून काढू नयेत, कागद फाटतो. खाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून टाचणी हळूच उचलावी. फाटलेल्या जागी सेलोटेप लावला की काही वर्षांत त्याचा गोंद पिवळा होऊन कागदात मुरतो. त्याहून वाईट लॅमिनेशन, कारण ते पुन्हा काढता येत नाही. जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ हीच दुरुस्ती योग्य, तीही जाणकाराकडून.

गंमत म्हणजे पणजोबांचा हातकागद अजून लवचिक असतो आणि आजोबांचा गिरणीचा कागद घडीवर तुटतो. लाकडाच्या लगद्यातले आम्ल त्याला आतून खाते. हातकागदावरची काजळाची शाई उन्हात टिकते, पाण्यात मात्र वाहते.

नागपूरचा खरा धोका मे महिन्याचा नव्हे, कूलरचा. खोलीतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, म्हणून कूलरच्या खोलीत कागदांचे कपाट नको. ते बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीवरून उचललेले असावे. डांबराच्या गोळ्यांनी वाळवी मरत नाही. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलावाचे पाणी वस्त्यांत शिरले, तसे पुन्हा झाले तर भिजलेले कागद उन्हात घालू नयेत. सावलीत टीपकागदावर पसरावेत, पंख्याचा झोत थेट नको. बुरशी ४८ तासांत दिसू लागते. तेवढ्यात वाळणार नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवावेत आणि सवडीने थोडे थोडे वाळवावेत.

कागद द्यायचे असतील तर जुन्या सचिवालयातल्या पुराभिलेख कार्यालयात किंवा विदर्भ संशोधन मंडळात चौकशी करावी. देताना पुढाऱ्यांची पत्रे तेवढी वेचून काढू नयेत. अशा पत्रांची नक्कल बरेचदा दुसरीकडे सापडते. कीर्द-खतावणी (जमाखर्चाच्या वह्या), आहेराच्या याद्या, दवाखान्याच्या पावत्या यांची सापडत नाही, आणि गड्याची मजुरी, धान्याचा भाव त्यांतच असतो.

तोंडी देणगी देऊ नये. दानपत्रात कागदांची संख्या, यादी, नको असलेले परत करणार की नाही, आणि खासगी मजकूर किती वर्षे बंद ठेवायचा, हे लिहून घ्यावे. आलेले पत्र आपल्या मालकीचे असले तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो. त्यामुळे तो हक्क दानपत्रात परस्पर देऊन टाकता येत नाही.

मोडी वाचता येत नाही म्हणून यादी अडवू नये. ‘रुमाल दुसरा, मोडी, न वाचलेले, ३७ कागद’ एवढी नोंद पुरते.

– एक वाचक, धंतोली, नागपूर