उमेदवाराचा भूतकाळ बारीक टायपात नको, समोर बसून सांगा

मा. संपादक साहेब, नमस्कार,

इलेक्शन लागलं की आपल्या सोलापुरात नवी पेठेपासून विजापूर रोडपर्यंत बॅनरच बॅनर लागतात. प्रत्येकावर भावी अमुक, कार्यसम्राट तमुक, पण हा माणूस आधी काय करत होता, त्याच्यावर केस काय आहे, त्याची संस्था कशी चालली हे कुठंच लिहिलेलं नसतं. आणि पेपरवाल्यांनी विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, राजकीय गुन्हे आहेत, विरोधकांचा डाव आहे, विषय संपला.

असं कसं चालेल? २००२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की उमेदवाराची माहिती मिळणं हा मतदाराचा हक्क आहे, तेव्हापासून आमदारकी-खासदारकीच्या फॉर्मसोबत अॅफिडेव्हिट, म्हणजे शपथेवर लिहिलेली माहिती, द्यावं लागतं. २०१८ च्या निकालानंतर तर गुन्हे असलेल्यांना प्रचाराच्या काळात तीन वेळा पेपरात आणि टीव्हीवर जाहिरात द्यावी लागते, निवडणूक आयोगानं अक्षराचा साइजसुद्धा ठरवलाय, कमीत कमी १२. आणि २०२० मध्ये कोर्टानं पक्षांनाही धरलं, गुन्हे असलेलाच माणूस का निवडला ते लिहून द्या, नुसतं निवडून येतो हे कारण चालणार नाही. नियम चांगलेच आहेत, पण ती जाहिरात टेंडर नोटीस आणि नावात बदलच्या मधे छापून येते, ती वाचतो कोण? आमच्या पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरचे कामगार कधी बघणार ते? आणि त्यात नुसते कलमांचे आकडे असतात, प्रकरण काय होतं ते नाहीच.

एक मात्र खरं, गुन्हा दाखल झाला म्हणजे माणूस दोषी नाही. पाण्यासाठी रस्ता अडवला म्हणून केस झाली असेल तर लोक उलट मान देतील, तसं सरळ सांगा ना. पण फसवणुकीची केस आणि आंदोलनाची केस एकाच "राजकीय" शब्दाखाली झाकायची हे मला अजिबात पटत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, पतसंस्थांचा, इथं निम्मं राजकारण चेअरमन-संचालकांचं. एखाद्या पतसंस्थेत म्हाताऱ्या माणसांच्या ठेवी अडकल्या, सहकार कायद्याच्या ८८ कलमाखाली संचालकांवर नुकसानीची जबाबदारी काढायची चौकशी लागली, तरी तो फौजदारी गुन्हा नाही म्हणून अॅफिडेव्हिटच्या गुन्ह्यांच्या रकान्यात येतच नाही. ऊस गेल्यावर १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायचा कायदा आहे, चेअरमन असताना ती किती महिने थकवली हेही कुठल्या रकान्यात नाही. म्हणजे ज्या गोष्टीनं आमची घरं बसली तीच कागदावर नाही, ती फक्त कोणीतरी तोंडावर विचारली तरच कळणार, आणि ते काम तुमचं आहे साहेब.

म्हणून विनंती आहे, माघारीची तारीख संपली की प्रत्येक मतदारसंघाचं एक अख्खं पान काढा. अॅफिडेव्हिट आयोगाच्या साइटवर सगळ्यांना बघता येतात, त्यावरून कोणती केस, कशाबद्दल, कोर्टात कुठवर आली हे साध्या मराठीत मोठ्या अक्षरात छापा, सगळ्या पक्षांचं सारखं, अपक्षांचंसुद्धा. खाली उमेदवाराचं म्हणणं त्याच्याच शब्दांत द्या. कोणी बोलायला नकार दिला तर तेही नावासकट छापा. आणि पैसे घेऊन छापलेली मुलाखत असेल तर तिच्यावर जाहिरात असं ठळक लिहा, नाहीतर बाकी पानावरचा विश्वासपण जातो.

हुतात्मा स्मृती मंदिरात सगळ्यांना एकत्र बोलवून लोकांना थेट प्रश्न विचारू दिले तर अजून बरं होईल. येणाऱ्या निवडणुकीआधी हे करता येईल का ते कृपया पेपरातूनच कळवा.

आपला नेहमीचा वाचक,
जुळे सोलापूर